बडोदे शोधलं आणि बडीशेप सापडली

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात टपालात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात : कॉम्प्युटरवर मराठी शब्द शोधायचा कसा, आणि तारा, प्रश्नचिन्ह, कंस या खुणा कुठे चालतात. पहिल्या पत्राला जास्त जागा देते आहे, कारण त्यातली अडचण आपल्या लिपीची आणि व्याकरणाची आहे.

*प्रश्न :* ताई, सप्रेम नमस्कार. माझे आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत होते. त्यांची रोजनिशी मी दोन वर्षं बसून लिबरऑफिसमध्ये टाइप केली, जवळजवळ तीनशे पानं झाली. आता सूची करायची आहे. 'बडोदे' शोधलं तर थोड्याच जागा सापडतात. त्याहून कितीतरी जास्त आहेत, हे मला टाइप केल्यामुळे माहीत आहे. नातीनं सांगितलं, रेग्युलर एक्सप्रेशनवर टिक करा आणि 'बडो*' लिहा. तसं केलं तर बडीशेप आणि बडबड सापडली! मग ती म्हणाली 'बडो.*' लिहा. तर अख्खा परिच्छेद निळा झाला. नेमकं काय करू?
— एक वाचक, मांजलपूर, बडोदा

*उत्तर :* काका, तुमच्या नातीनं बरोबर दार उघडून दिलं. आतली भाषा मात्र तिला माहीत असलेल्या ताऱ्याची नाही. फाइलींची नावं शोधताना तारा म्हणजे 'इथे काहीही असू दे'. हे वाइल्डकार्ड, आणि ते युनिक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीच्या १९७१ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून चालत आलं आहे. रेग्युलर एक्सप्रेशन म्हणजे खुणांनी शब्दाचा नमुना लिहून शोधायची भाषा. तिच्यातला तारा दुसऱ्या घराण्यातला. स्टीफन क्लेनी या अमेरिकी गणितज्ञानं १९५६ साली छापलेल्या निबंधात मज्जातंतूंच्या जाळ्याचं गणित मांडताना तो वापरला. त्याचा अर्थ 'माझ्या आधीची वस्तू कितीही वेळा, शून्य वेळासुद्धा'. केन थॉम्पसन या संगणकतज्ज्ञानं १९६८ मध्ये हे गणित मजकूर शोधण्याच्या कामाला जुंपलं, आणि तोच तारा आज तुमच्या लिबरऑफिसच्या खिडकीत येऊन बसला आहे.

तर 'बडो*' मधल्या ताऱ्याच्या आधीची वस्तू कोणती? तुम्ही म्हणाल 'डो'. यंत्र म्हणतं, नुसता काना-मात्रा, म्हणजे 'ो'. यंत्राच्या लेखी 'डो' हे एक अक्षर नाही. आधी ड, मग ो, अशा दोन वेगळ्या नोंदी असतात. म्हणून तुमच्या 'बडो*' चा अर्थ झाला : ब, ड, आणि पुढे ो असला तर असला, नसला तर नसला. बडीशेपेतलं 'बड' त्यात चपखल बसतं. आणि 'बडो.*' मध्ये टिंब म्हणजे कोणतीही एक नोंद, तारा म्हणजे कितीही वेळा, म्हणून तो 'बडो' पासून परिच्छेद संपेपर्यंत सगळं गिळतो.

हे एकदा नीट मनात बसलं पाहिजे, म्हणून आणखी थोडं सांगते. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलंत ही प्रत्येक खूण यंत्रात स्वतंत्र आणि व्यंजनाच्या नंतर साठवलेली असते. ऱ्हस्व वेलांटी आपल्याला अक्षराच्या डाव्या बाजूला दिसते, पण 'मि' मध्येसुद्धा आधी म आणि मग ि असाच क्रम असतो. डोळ्यांना दिसतं त्यावर जाऊ नका, उच्चारावर जा.

आता बडोदे. आपण मराठीत कोणत्याही नामाला प्रत्यय लावताना आधी त्याचं सामान्यरूप करतो. बडोदे, पण बडोद्यास, बडोद्याहून, बडोद्यांत. आजोबा लिहितात 'काल बडोद्यास परतलों' आणि तुम्ही शोधता 'बडोदे', ते कसं सापडणार? त्यातला न बदलणारा भाग शोधायचा. तो आहे 'बडोद'. वडोदरा हे नावही कुठे आलं असेल, तेव्हा लिहा :

[बव]डोद

चौकटी कंस म्हणजे आतल्यांपैकी कोणतंही एक. यात बडोदे, बडोदा, बडोद्याचा, बडोदेकर, वडोदरा सगळी येतात. 'होल वर्ड्स ओन्ली' या चौकोनातली टिक मात्र काढा. तुम्ही नमुन्याला पाठवलेल्या आठ पानांवर मी करून पाहिलं. 'बडोदे' नऊ ठिकाणी मिळालं होतं, या एका ओळीनं तेवीस ठिकाणी. उरला इंग्रजी वळणाचा 'बरोडा'. सयाजीराव महाराजांच्या पुढाकारानं १९०८ साली निघालेल्या बँकेच्या नावात तो आहेच, आणि आजोबांनी बँकेची पासबुकं सांभाळली असं तुम्ही लिहिलं आहे. त्यासाठी :

ब(डोद|रोड)|वडोद

उभी रेघ म्हणजे 'किंवा'. गोल कंस 'किंवा' ची हद्द ठरवतो. 'बँक' शब्दाला तर तीन रूपं आहेत. जुनं 'ब्यांक' वेगळं दिसतं, ते ठीक. पण 'बँक' दोन तऱ्हांनी टाइप होतं, एकदा चंद्रबिंदू देऊन आणि एकदा चंद्र देऊन वर अनुस्वार. कागदावर फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. तिन्ही एकत्र : ब(ँ|ॅं|्यां)क. कंसातल्या सुट्या खुणा स्क्रीनवर ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेल्या दिसतील. घाबरू नका, त्या बरोबर आहेत.

असंच 'ॲ' चं. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रांसाठी केलेल्या जगभरच्या अक्षरांच्या यादीत, २००८ साली आलं. त्याआधीचा आणि कित्येकदा नंतरचाही मजकूर 'अ' वर चंद्र देऊन लिहिलेला असतो. आणि 'दुसऱ्या' मधला तो अर्धा र! कोणी ऱ आणि हलंत देतं, कोणी र, हलंत आणि त्यानंतर एक न दिसणारी जोडखूण. तुम्ही दोन वर्षांत एकदा कीबोर्ड बदललात असं लिहिलं आहे, म्हणजे फाइलीत दोन्ही असणार. मी यासाठी हे वापरते :

दुस...?या

पहिली दोन टिंबं म्हणजे कोणत्याही दोन नोंदी, तिसऱ्या टिंबामागचं प्रश्नचिन्ह म्हणजे ती असली तर असली. यात दोन्ही प्रकारचे 'दुसऱ्या' सापडतात, शिवाय रफार देऊन चुकलेला 'दुसर्या' सुद्धा.

आता माझ्या सगळ्यात आवडीचे दोन कंस. मराठीत उपान्त्य दीर्घ इकार-उकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो : जमीन, जमिनीचा, विहीर, विहिरीत, दूध, दुधाचा. म्हणून इकाराच्या जागी [िी] आणि उकाराच्या जागी [ुू] ठेवायची सवय लावून घ्या. 'जम[िी]न' लिहिलंत की सारा जमीनमहसूल हाती आला. आजोबांच्या काळात शुद्धलेखनही सैल होतं, त्या सैलपणालाही हेच कंस पुरतात.

तुम्ही असंही लिहिलंत, की १९२७ च्या पावसाळ्यातल्या विश्वामित्री नदीच्या पुराच्या नोंदी हव्यात. इथे गंमत नाही, कष्ट आहेत. 'प[ुू]र' लिहिलंत तर रावपुरा, लहरीपुरा, मांजलपूर, पुरणपोळी आणि पूर्वी, सगळं वर येईल. निम्मं बडोदं 'पुरा'त राहतं. म्हणून शब्दाची सुरुवात आणि पुढचं अक्षर दोन्ही बांधा :

(^| )प[ुू]र[ ा,.]

^ म्हणजे परिच्छेदाची सुरुवात, तिच्या शेजारी रेघ आणि मोकळी जागा. म्हणजे 'प' च्या आधी एक तर परिच्छेद सुरू झालेला असावा किंवा जागा सोडलेली असावी. शेवटच्या कंसात मोकळी जागा, काना, स्वल्पविराम आणि टिंब. चौकटी कंसाच्या आत टिंब नुसतं टिंब असतं, 'काहीही' नसतं. आता पूर, पुरात, पुरानें मिळतील. पुरावा आणि पुराण तरीही येतील. ती डोळ्यांनी गाळायची. ती गाळायला आणखी कंस लावत बसू नका, दोन मिनिटांचं काम दोन तासांचं होतं.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही हळूच विचारलंत, की आजोबांचे 'नांव', 'गांव', 'करणें' एकदम 'रिप्लेस ऑल' करून आजच्यासारखे करून टाकू का, म्हणजे शोधणं सोपं होईल. काका, कळकळीनं सांगते, करू नका.

मी रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात चोवीस वर्षं प्रुफं तपासली. शेवटच्या काही वर्षांत टाइप केलेल्या फाइलीही माझ्याकडे येत. दांडिया बाजारातल्या एका घरातल्या आजींच्या आठवणी होत्या, स्वतःच्या हातानं लिहिलेल्या. निवेदन जुन्या वळणाचं, 'आम्ही तेथें राहूं लागलों' असं. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, म्हणून शब्दाच्या शेवटचा अनुस्वार सगळीकडून काढावा असं मी ठरवलं आणि एका ओळीत काढला. हजारो बदल झाले, मी फाइल जतन केली आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आजींचे संवाद वाचायला घेतले. निवेदन जुनं, पण माणसं बोलत होती आपल्यासारखीच. 'मी केलं' चं 'मी केल' झालं होतं. 'मुलं जेवली का?' चं 'मुल जेवली का?' झालं होतं. 'चार घरं सोडून' चं 'चार घर सोडून'. आधीची प्रत ठेवलेली नव्हती. हस्तलिखित घेऊन मी अकरा दिवस बसले आणि प्रत्येक अनुस्वार हातानं परत ठेवला. आजी त्या वेळी ब्याण्णव वर्षांच्या होत्या. त्यांचं बोलणं एका रात्रीत मी मुकं केलं होतं, ते मला अजून टोचतं.

शिवाय काही अनुस्वार यंत्राला कधीच कळणार नाहीत. आजोबांनी 'घरांत' लिहिलं, तर ते एका घरात की अनेक घरांत? जुन्या लेखनात दोन्ही सारखंच. ते फक्त वाक्य वाचणारा सांगू शकतो.

म्हणून मजकूर आजोबांचा तसाच राहू द्या, वाकायचं ते तुमच्या शोधानं :

नां?व

इथलं प्रश्नचिन्ह 'नां' ला लागलेलं दिसतं, पण लागलं आहे फक्त अनुस्वाराला. नाव आणि नांव दोन्ही सापडतात. तसंच गां?व, पां?च, करणें?. या शेवटच्यात प्रश्नचिन्ह पुन्हा अनुस्वाराचंच, मात्रा शाबूत. सूचीसाठी लागणाऱ्या अशा ओळी एका वहीत लिहून ठेवा, शब्दाशेजारी नमुना. माझी अशी वही छापखान्यात माझ्या जागी आलेली मुलगी आजही वापरते.

*प्रश्न :* ताई, आमच्या मंडळाच्या सभासदांची यादी एक्सेलमध्ये आहे. वर्गणी भरलेल्यांच्या नावापुढे आधीच्या चिटणिसांनी * अशी खूण केली आहे. ती खूण शोधायला गेलं की सगळेच सभासद सापडतात. दुसरं असं की 'शिंदे' शोधलं तर काही शिंदे सुटतात.
— एक चिटणीस, ग्वाल्हेर

*उत्तर :* एक्सेलमध्ये वाइल्डकार्ड चालतं, रेग्युलर एक्सप्रेशन तिथल्या शोधाच्या खिडकीत चालत नाही. म्हणून तुमचा तारा 'काहीही' असा वाचला जातो, आणि काहीही तर प्रत्येक खणात आहे. खराखुरा तारा हवा असेल तर त्याच्या आधी लाटेसारखी खूण द्या : ~* . ती कीबोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, एस्केपच्या खाली असते. खरं प्रश्नचिन्ह शोधायचं असेल तरी हाच उपाय.

सुटलेले शिंदे बहुतेक 'शिन्दे' असतील. हिंदीची सवय असलेल्या हातांनी टाइप केलं की असं होतं, आणि ग्वाल्हेरला ते होणारच. 'शि*दे' शोधा. एखाद्या खणात 'शि' नं सुरू होणारं नाव आणि पुढे 'दे' ने संपणारं गाव असेल तर तेही येईल, तेवढं पाहून घ्या. आणि पुढच्या वर्षीपासून वर्गणीसाठी वेगळा रकाना करा, 'भरली' असा शब्द लिहा. नावाच्या खणात खूण ठेवली की पुढच्या प्रत्येक चिटणिसाला हाच त्रास.

*प्रश्न :* ताई, अहिल्याबाईंनी बांधलेल्या घाटांवर मी लेख लिहिते आहे. गुगलवर 'हो[लळ]कर' टाकलं, काही उपयोग झाला नाही. शिवाय काहीही शोधलं तरी विमानतळ आणि विद्यापीठच पुढे येतं.
— एक वाचक, इंदूर

*उत्तर :* गुगलला कंसांची भाषा कळत नाही. तुम्ही दिलेले कंस तो बाजूला सारतो. तिथे रूपं सुटी लिहायची, अवतरणचिन्हांत, मध्ये उभी रेघ :

"होळकर" | "होलकर"

मराठी पानांवर ळ, हिंदी पानांवर ल, आणि इंदूरच्या इतिहासाचा मोठा भाग हिंदीत लिहिला गेला आहे, तेव्हा दोन्ही हवेतच. शहराचं नावही इंदूर आणि इंदौर असं दोन्हीकडून घ्या. नको असलेल्या शब्दाआधी जागा न सोडता वजाची खूण द्या : -विमानतळ -हवाईअड्डा -विश्वविद्यालय. इंदूरचा विमानतळ आणि विद्यापीठ दोन्ही देवींच्याच नावाचे, म्हणून ती गर्दी. अवतरणात तारा दिला तर गुगल तिथे एखाददुसरा शब्द मानतो, जसं "अहिल्याबाई * घाट". हा तारा पूर्ण शब्दांच्या जागी असतो, अर्ध्या शब्दासाठी वापरू नका.

पण तुमचं खरं काम गुगलवर व्हायचं नाही. मिळालेला मजकूर एका फाइलीत गोळा करा, लिबरऑफिसमध्ये उघडा, रेग्युलर एक्सप्रेशनवर टिक करा, मग तुमचा 'हो[लळ]कर' तिथे उत्तम चालेल. नाव काही ठिकाणी अहिल्या आहे, काही ठिकाणी अहल्या : 'अहि?ल्या' दोन्ही आणतं, कारण प्रश्नचिन्ह फक्त वेलांटीचं आहे. आणि काशीच्या घाटाची वाक्यं हवी असतील तर :

(काशी|वाराणसी|बनारस)[^।.]*घाट

चौकटी कंसात पहिल्यांदाच आलेलं ^ म्हणजे 'हे सोडून'. दंड आणि पूर्णविराम सोडून काहीही, म्हणजे शोध एका वाक्याच्या आत राहतो आणि परिच्छेद गिळत नाही. दंड मुद्दाम घातला आहे, हिंदी पानांसाठी. ज्या वाक्यात घाट आधी आणि काशी नंतर येते ते यात सुटेल. त्यासाठी दोन्ही टोकांची अदलाबदल करून आणखी एकदा शोधा.